वेतनातील वजाती : कुटुंबाचा वाटा आणि धनकोचा हक्क

सार्वजनिक सेवेतील कर्मचाऱ्याच्या वेतन देयकाला दोन बाजू असतात. एका बाजूस मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता अशा देय रकमा मांडलेल्या असतात, तर दुसऱ्या बाजूस वजातींची यादी असते. वजातींची बाजू बहुधा हिशेबापुरतीच पाहिली जाते. वस्तुतः एका वेतनावर कोणाकोणाचा हक्क पोचतो आणि त्यांत आधी कोणाचा, याचा निर्णय त्या बाजूस झालेला असतो. कर्मचाऱ्याची पत्नी, त्याची मुले, गावी राहणारे वृद्ध आईवडील, पतसंस्था, कर्ज देणारा धनको आणि शासन हे सर्व त्या एकाच वेतनाकडे पाहत असतात.

या सर्वांच्या हक्कांचा क्रम कायद्याने विचारपूर्वक लावलेला आहे. कर्ज फेडले गेले पाहिजे, पण त्यासाठी कर्जदाराचे घर उपाशी राहता कामा नये, हे त्याचे पहिले सूत्र. ज्यांचा सांभाळ करणे हे कर्मचाऱ्याचे कर्तव्य आहे, त्यांचा वाटा सामान्य कर्जाहून मोठा मानला पाहिजे, हे दुसरे सूत्र. ही दोन्ही सूत्रे कायद्यात अपूर्णांकांच्या रूपाने लिहिलेली आहेत. त्यांचा लाभ मात्र वेतन देयक तयार करणाऱ्या कार्यालयाने ती नीट समजून घेतली, तरच संबंधितांच्या पदरात पडतो. म्हणून आहरण व संवितरण अधिकारी, मुख्याध्यापक, पंचायत समितीचे पदाधिकारी आणि स्वतः कर्मचारी या सर्वांनीच या विषयाची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

वजातींचे तीन प्रकार

वेतनातून होणाऱ्या वजाती स्थूलमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार अनिवार्य वजातींचा. आयकर, व्यवसाय कर, भविष्य निर्वाह निधीची किमान वर्गणी, गट विमा योजनेची वर्गणी आणि १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांच्या बाबतीत लागू होणारे निवृत्तिवेतन योजनेचे अंशदान, ही त्यांची उदाहरणे होत. शासनाकडून घेतलेल्या घरबांधणी अग्रिमासारख्या रकमांचे हप्तेही देयकातूनच वसूल होतात.

दुसरा प्रकार संमतीने होणाऱ्या वजातींचा. पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थेचे कर्ज घेताना सभासद जो करार लिहून देतो, त्यानुसार होणारी वसुली ही या प्रकारातील सर्वांत मोठी बाब आहे.

तिसरा प्रकार न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या वजातींचा. यात कर्ज वसुलीच्या हुकूमनाम्यापोटी होणारी वेतनजप्ती आणि कुटुंबीयांच्या पोटगीपोटी होणारी कपात, अशा दोन वेगळ्या बाबी येतात. या दोहोंचे नियम वेगळे आहेत, आणि व्यवहारात बहुतेक घोटाळे त्यांची गल्लत केल्यामुळेच होतात.

याशिवाय, वेतन बँक खात्यात जमा झाल्यावर बँक आपल्या कर्जाचा हप्ता वळता करून घेते. तो खातेदार आणि बँक यांच्यातील व्यवहार असून वेतन देयकाशी त्याचा संबंध नाही. खाजगी सावकाराला तर न्यायालयाचा हुकूमनामा मिळविल्याशिवाय कर्मचाऱ्याच्या वेतनाला हात लावता येत नाही. ‘याच्या पगारातून माझे पैसे कापून द्या’ असे पत्र सावकाराने कार्यालयास दिले, तर त्याला कायद्याने कोणतीही किंमत नाही.

कर्जापोटी वेतनजप्ती : मर्यादा कोणती?

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० मध्ये कोणती मालमत्ता जप्त करता येते व कोणती येत नाही, हे सांगितले आहे. वेतनाच्या बाबतीत नियम असा की, पोटगी सोडून इतर कोणत्याही हुकूमनाम्यासाठी वेतनातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश जप्तीपासून मुक्त असतात. म्हणजे एक हजार रुपये वगळून राहिलेल्या रकमेचा एक तृतीयांश भागच काय तो जप्त होऊ शकतो. १९७६ च्या दुरुस्तीनंतर ही आरंभीची मुक्त रक्कम चारशे रुपये होती. १ जुलै २००२ पासून ती एक हजार झाली. आजच्या वेतनमानात एक हजार रुपयांचे महत्त्व नाममात्र उरले असून कर्मचाऱ्याचे खरे संरक्षण दोन तृतीयांशाच्या नियमात आहे.

हा हिशेब उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका कर्मचाऱ्याचे जप्तीच्या हिशेबात धरावयाचे मासिक वेतन ४६,००० रुपये आहे. त्यातून पहिले १,००० रुपये बाजूला काढले की ४५,००० रुपये उरतात. त्यांचे दोन तृतीयांश, म्हणजे ३०,००० रुपये मुक्त. यावरून एकूण ३१,००० रुपयांना धक्का लागत नाही आणि जप्तीयोग्य रक्कम जास्तीत जास्त १५,००० रुपये ठरते.

येथे ‘वेतन’ या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. वजाती जाऊन प्रत्यक्ष हाती पडणारी रक्कम म्हणजे वेतन नव्हे. नोकरीपासून मिळणाऱ्या एकूण मासिक रकमेला या कलमाच्या दृष्टीने वेतन म्हणतात, मग कर्मचारी कामावर असो वा रजेवर. शासनाने राजपत्रात अधिसूचना काढून जे भत्ते जप्तीमुक्त म्हणून जाहीर केले असतील, तेवढे त्यातून वगळावयाचे असतात. केंद्र शासनाच्या लेखा नियमांनुसार भविष्य निर्वाह निधीची वर्गणी, आयकर आणि शासनाचे येणे यांच्या वजाती वेतनाच्या जप्तीमुक्त भागातून करावयाच्या असतात. यावरून, अनेक हप्ते लावून घेऊन हाती पडणारे वेतन कमी दाखविले म्हणून जप्तीयोग्य रक्कम कमी होत नाही, हे लक्षात येईल.

चोवीस महिन्यांची कालमर्यादा

कायद्याने रकमेवर मर्यादा घातली, तशी काळावरही घातली आहे. कर्जाच्या हुकूमनाम्यापोटी वेतनाचा जप्तीयोग्य भाग सलग किंवा खंडित, असा एकूण चोवीस महिने जप्तीखाली राहिला, की त्यानंतर बारा महिने तो जप्तीमुक्त असतो. ही जप्ती एकाच हुकूमनाम्यासाठी झालेली असेल, तर चोवीस महिन्यांनंतर त्या हुकूमनाम्यासाठी वेतन कायमचे मुक्त होते.

वरील उदाहरणातील कर्मचाऱ्यावर सहा लाख रुपयांचा हुकूमनामा झाला असेल, तर दरमहा १५,००० प्रमाणे चोवीस महिन्यांत ३,६०,००० रुपये वसूल होतील. उरलेल्या रकमेसाठी धनकोला त्याच हुकूमनाम्यावर पुन्हा वेतनजप्ती मागता येणार नाही. ऋणकोच्या इतर जप्तीयोग्य मालमत्तेकडे त्याला वळावे लागेल. माणसाला जन्मभर धनकोसाठीच राबावे लागू नये, हा या तरतुदीचा हेतू स्पष्ट आहे.

काही रकमांना तर जप्ती लागतच नाही. भविष्य निर्वाह निधीतील सक्तीच्या ठेवी, शासनाच्या निवृत्तिवेतनधारकाला मिळणारे निवृत्तिवेतन व उपदान आणि निलंबनाच्या काळातील निर्वाह भत्ता यांना कलम ६० चे संरक्षण आहे. हे संरक्षण करार करूनही सोडता येत नाही. ‘कलम ६० चा लाभ मी घेणार नाही’ असे ऋणकोने लिहून दिले असले, तरी तो करार याच कलमानुसार शून्य ठरतो. कर्ज घेताना गरजेपोटी माणूस कशावरही सही करतो, हे ओळखून १९७६ साली ही तरतूद घालण्यात आली.

पोटगीसाठी नियम वेगळा

पोटगीचा प्रश्न आला की कायद्याचे माप बदलते. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी वेतनाचा केवळ एक तृतीयांश भाग जप्तीमुक्त असतो. ४६,००० रुपयांच्या उदाहरणात साधारण १५,३३३ रुपये कर्मचाऱ्यासाठी राखून उरलेल्या ३०,६६७ रुपयांपर्यंत न्यायालय कपातीचा आदेश देऊ शकते. एवढी रक्कम प्रत्येक वेळी कापली जाते असा याचा अर्थ नव्हे. ही कमाल मर्यादा आहे; प्रत्यक्ष रक्कम न्यायालय दोन्ही बाजूंची परिस्थिती पाहून ठरविते. चोवीस महिन्यांची कालमर्यादाही पोटगीला लागू नाही, कारण मुलांची भूक चोवीस महिन्यांत संपत नाही.

कर्जापोटी एक तृतीयांश आणि कुटुंबासाठी दोन तृतीयांश, या दोन अपूर्णांकांत या विषयाचे सार आले आहे. धनको हा बाहेरचा माणूस. त्याने जोखीम पत्करून पैसे दिलेले असतात. पत्नी, मुले व आईवडील ही मात्र त्या वेतनावर जगणारी माणसे असतात. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच विचार पुढे नेला. निर्वाहाचा हक्क हा सन्मानाने जगण्याच्या हक्काचा भाग असून, पोटगीच्या थकबाकीला वित्तीय संस्था व इतर धनको यांच्या येण्याहून अग्रक्रम आहे, असे न्यायालयाने सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही २०१९ मध्ये पत्नीच्या पोटगीसाठी निवृत्तिवेतनातून वसुली होऊ शकते, असा निर्णय दिला आहे. निवृत्तिवेतनाला असलेले संरक्षण धनकोंविरुद्ध आहे. ते पत्नीविरुद्ध वापरता येत नाही, असा त्याचा आशय.

पोटगीचा आदेश कोठून मिळतो?

पोटगी मागण्याचे मार्ग अनेक आहेत. त्यांतील सर्वांत जुना व सर्वपरिचित मार्ग फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चा. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १४४ ने घेतली आहे. स्वतःचा निर्वाह करू न शकणारी पत्नी, अज्ञान मुले आणि आईवडील यांना या कलमाखाली प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे आणि जेथे कौटुंबिक न्यायालय आहे तेथे त्या न्यायालयात अर्ज करता येतो. घटस्फोटित पत्नीने पुनर्विवाह केलेला नसेल, तर तिलाही हा मार्ग खुला आहे. १९७३ च्या संहितेत दरमहा एकूण पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती. २००१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली. नव्या संहितेत आईवडिलांच्या सोयीची एक महत्त्वाची तरतूद आहे. मुलगा दूरच्या जिल्ह्यात नोकरीस असला, तरी आईवडील ज्या जिल्ह्यात राहतात तेथेच त्यांना अर्ज करता येतो.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ मधील कलम २० हा दुसरा मार्ग. या कलमाखालील आर्थिक साहाय्याची रक्कम देण्यात प्रतिवादीने कसूर केली, तर न्यायदंडाधिकारी त्याच्या मालकालाच, म्हणजे वेतन देणाऱ्या कार्यालयाला, वेतनाचा काही भाग थेट पीडित महिलेला द्यावा किंवा न्यायालयात भरावा, असा आदेश देऊ शकतात. वेतनातून थेट कपात करण्याचा इतका स्पष्ट उल्लेख अन्य कायद्यांत क्वचितच आढळतो.

नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी या विषयावर देशभरासाठी मार्गदर्शक निर्देश दिले. दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि पोटगीचा आदेश दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्याप्रमाणेही बजावता यावा, हे त्यांतील प्रमुख निर्देश. त्यामुळे वेतनजप्तीचा मार्ग पोटगीच्या आदेशाला निःसंदिग्धपणे जोडला गेला.

पोटगी ठरविताना न्यायालये आयकर, व्यवसाय कर आणि निधीची सक्तीची वर्गणी यांसारख्या अनिवार्य वजाती विचारात घेतात. परंतु स्वेच्छेने घेतलेल्या कर्जाचे हप्ते किंवा दावा सुरू होताच वाढवून घेतलेली निधीची वर्गणी पुढे करून जबाबदारी टाळता येत नाही. कर्जाचा बोजा वाढविणे सोपे आहे; त्याचा भार मुलांच्या ताटावर टाकणे कायद्याला मान्य नाही.

अर्जदारांनीही एक मुदत विसरू नये. कलम १४४ खालील थकलेली पोटगी वसूल करण्यासाठी ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. पोटगी न देणाऱ्याला प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कारावास होऊ शकतो. मात्र कारावास भोगल्याने देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले आहे.

वृद्ध आईवडिलांचा वाटा

आईवडिलांसाठी ‘आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७’ हा स्वतंत्र कायदा आहे. त्याखालील न्यायाधिकरणाचे काम उपविभागीय अधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जा नसलेला अधिकारी पाहतो. त्यामुळे ग्रामीण भागातील वृद्धांना हे दार तुलनेने जवळचे आहे. अर्जदाराला स्वतः जाणे शक्य नसेल, तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्थाही अर्ज करू शकते. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निर्णय व्हावा अशी तरतूद असून, अपवादात्मक परिस्थितीत ही मुदत एकदाच तीस दिवसांनी वाढविता येते. निर्वाहाची रक्कम राज्य शासन ठरवील त्या मर्यादेत, पण दरमहा दहा हजार रुपयांहून अधिक नाही, अशी कायद्याची मर्यादा आहे.

या प्रश्नाकडे काही संस्थांनी स्वतःहूनही लक्ष दिले. आईवडिलांचा सांभाळ न करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातून ३० टक्के रक्कम कापून ती आईवडिलांना देण्याचा ठराव लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये केला. २०२१ च्या आरंभी काही कर्मचाऱ्यांच्या वेतनातून अशी कपात सुरूही झाली. त्यांत शिक्षकांचाही समावेश होता. आसाम राज्याने तर २०१७ मध्ये यासाठी स्वतंत्र अधिनियमच केला. ‘प्रणाम’ या नावाने ओळखला जाणारा हा अधिनियम २ ऑक्टोबर २०१८ पासून अंमलात आला. पुरेसे उत्पन्न नसलेल्या आईवडिलांची उपेक्षा करणाऱ्या राज्य कर्मचाऱ्याच्या वेतनातून १० टक्के आणि अवलंबून असलेल्या अविवाहित दिव्यांग भावंडासाठी आणखी ५ टक्के रक्कम कापण्याची तरतूद त्यात आहे.

जिल्हा परिषदेच्या ठरावाने कर्मचाऱ्यावर नैतिक दडपण येते आणि समाजात चांगला पायंडा पडतो. तथापि ठराव हा त्या संस्थेपुरता असतो. कर्मचाऱ्याची बदली अन्य जिल्ह्यात झाली, तर तो तेथे पोचेलच असे नाही. न्यायाधिकरणाचा किंवा न्यायालयाचा आदेश मात्र बदलीबरोबर गळून पडत नाही. म्हणून ग्रामपंचायत सदस्यांनी उपेक्षित वृद्धांची बाजू घेताना समजुतीच्या प्रयत्नांबरोबरच रीतसर अर्जाचाही मार्ग त्यांना दाखविणे हिताचे ठरेल.

पतसंस्थेचे कर्ज आणि जामीनदार

महाराष्ट्रात पगारदार नोकरांच्या पतसंस्थांनी हजारो कुटुंबांना सावकारीच्या पाशातून दूर ठेवले आहे. या संस्थांच्या वसुलीचा आधार म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम ४९. सभासदाने कपातीचा करार लिहून दिला आणि संस्थेने लेखी मागणी केली, की ठरलेली रक्कम दरमहा कापून संस्थेकडे भरणे हे वेतन देणाऱ्याचे कर्तव्य ठरते. कापलेली रक्कम त्याने संस्थेकडे भरली नाही, तर ती त्याच्याकडूनच वसूल करण्याचा अधिकार संस्थेला मिळतो. म्हणजे कर्मचाऱ्याच्या वेतनातून हप्ता कापला, पण तो संस्थेकडे वेळेवर पाठविला नाही, तर दोष कर्मचाऱ्याचा नव्हे, कार्यालयाचा होय.

या व्यवहारात सर्वांत दुर्लक्षित राहणारा माणूस म्हणजे जामीनदार. सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन राहणे ही शाळेत व कार्यालयात केवळ भिडेची गोष्ट मानली जाते. कायद्याची दृष्टी तशी नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. मूळ कर्जदाराने हप्ते थकविले, तो सेवेतून निघून गेला किंवा त्याच्या वेतनात कपातीला जागाच उरली नाही, तर वसुली जामीनदाराकडे वळते. मग ज्याने एक पैसाही घेतला नाही, त्याच्या घरात महिनाअखेरीस चणचण सुरू होते. जामीनदाराने भरलेली रक्कम मूळ ऋणकोकडून परत मागण्याचा त्याला हक्क आहे. मात्र त्यासाठी प्रत्येक भरण्याची पावती जपून ठेवावी लागते. जामीनपत्रावर सही करण्यापूर्वी कर्जदाराच्या वेतनातून आधीच किती वजाती चालू आहेत, हे विचारण्यात संकोच वाटू नये.

आहरण व संवितरण अधिकाऱ्याची जबाबदारी

शासन, रेल्वे व स्थानिक प्राधिकरणे यांच्या कर्मचाऱ्यांच्या वेतनजप्तीची रीत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ४८ मध्ये दिली आहे. जिल्हा परिषद, नगरपालिका व ग्रामपंचायत यांचे कर्मचारी त्यात येतात. खाजगी व्यवस्थापनांच्या कर्मचाऱ्यांसाठी नियम ४८-अ आहे. कर्मचारी किंवा वेतन देणारा अधिकारी न्यायालयाच्या स्थानिक हद्दीबाहेर असला, तरी नियम ४८ खालील आदेश काढता येतो. त्यामुळे बदली करून घेतल्याने जप्ती चुकत नाही.

आदेश हाती आल्यावर कार्यालयाने पुढीलप्रमाणे दक्षता घेणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट, आदेशाची त्याच दिवशी आवक नोंद करून तो कर्जासाठी आहे की पोटगीसाठी, हे आधी पाहावे. सारा हिशेब त्यावर अवलंबून असतो.

दुसरी गोष्ट, जप्तीयोग्य रकमेचा हिशेब लेखी मांडून तो नस्तीत ठेवावा आणि त्याची प्रत कर्मचाऱ्यास द्यावी.

तिसरी गोष्ट, कपात लगतच्या देयकापासून सुरू करून रक्कम आदेशात सांगितल्याप्रमाणे न्यायालयाकडे विनाविलंब पाठवावी. आदेश डावलून कर्मचाऱ्याला दिलेल्या रकमेबद्दल नियम ४८ नुसार शासन किंवा स्थानिक प्राधिकरण स्वतः जबाबदार ठरते.

चौथी गोष्ट, वेतनाचा जप्तीयोग्य भाग आधीच्या आदेशाने पूर्णपणे अडकलेला असताना दुसरा आदेश आला, तर तो तसाच दप्तरात ठेवू नये. चालू जप्तीचा संपूर्ण तपशील देऊन तो संबंधित न्यायालयाकडे तत्काळ परत पाठवावा. कर्जाची जप्ती चालू असताना पोटगीचा आदेश आला, तर दोहोंच्या मर्यादा वेगळ्या असल्याने सर्व वस्तुस्थिती न्यायालयाला कळवून निर्देश मागणे इष्ट होय.

पाचवी गोष्ट, जप्तीची स्वतंत्र नोंदवही ठेवून त्यात महिने मोजावेत. कर्जाच्या जप्तीला चोवीस महिने पूर्ण होत आल्याचे कोणीतरी पाहिले पाहिजे. कर्मचाऱ्याला बहुधा हा नियमच माहीत नसतो.

सहावी गोष्ट, बदलीच्या वेळी अंतिम वेतन प्रमाणपत्रात चालू जप्तीची व शिल्लक रकमेची नोंद अवश्य करावी. ही एक ओळ राहून गेली, तर नव्या कार्यालयाला काहीच कळत नाही, आणि आदेश हाती असूनही एखाद्या मातेला पुन्हा न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

पोटगीचा आदेश आलेला कर्मचारी आपल्याच कार्यालयातील सहकारी असतो. त्याची अडचण रोज दिसते. ज्यांच्यासाठी आदेश निघाला ती माणसे दिसत नाहीत. त्यामुळे ‘पुढच्या महिन्यापासून पाहू’ अशी सवलत देण्याचा मोह होतो. अशी सवलत देण्याचा अधिकार कार्यालयाला नाही. कर्मचाऱ्याची अडचण खरी असेल, तर रक्कम कमी करून मागण्यासाठी न्यायालयाचे दार त्यालाही खुले आहे. परिस्थिती बदलल्यास पोटगीच्या रकमेत फेरबदल करण्याची तरतूद कायद्यातच आहे.

कर्मचाऱ्यांनी घ्यावयाची काळजी

वर्तणूक नियमांनी शासकीय कर्मचाऱ्याकडून अशी अपेक्षा केली आहे की, त्याने आपले खाजगी व्यवहार असे ठेवावेत की तो सदैव कर्जबाजारी राहणार नाही. यामागे केवळ प्रतिष्ठेचा विचार नाही. कर्जात बुडालेला कर्मचारी मोहाला लवकर बळी पडतो आणि जनतेच्या कामावर त्याचा परिणाम होतो. वेतनचिठ्ठीतील प्रत्येक वजात दरमहा वाचणे, एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे न काढणे आणि बँकेचे कार्ड किंवा कोरे धनादेश सावकाराच्या हाती न देणे, एवढी पथ्ये पाळली तरी बरेच अनर्थ टळतात. नवे कर्ज काढण्यापूर्वी घरात सांगणेही तितकेच आवश्यक आहे, कारण त्याचा हप्ता घरातील सर्व मिळून भरणार असतात.

शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना गावात मान असतो. टाकून दिलेली पत्नी, शाळेची वही घेऊ न शकणारे मूल आणि नोकरदार मुलगा असूनही रेशनवर दिवस काढणारे वृद्ध त्यांच्या नजरेसमोर असतात. या माणसांना दयेची गरज नसून, त्यांचा हक्क कोणत्या कलमात आहे व अर्ज कोणाकडे करावयाचा आहे, हे समजावून सांगणारा कोणी हवा असतो. जिल्हा व तालुका विधी सेवा समित्यांकडून महिलांना आणि मुलांना मोफत कायदेशीर साहाय्य मिळते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, एवढे सांगितले तरी पहिले पाऊल पडते. अर्जासोबत त्या कर्मचाऱ्याचे कार्यालय, पदनाम आणि वेतन देणाऱ्या अधिकाऱ्याचा पत्ता दिला, तर आदेश निघाल्यावर तो योग्य ठिकाणी लवकर पोचतो.

वेतनातील वजातीला कर्मचारी बहुधा शिक्षा समजतो. कायद्याने मात्र कर्जाच्या वजातीला मर्यादा घालून त्याच्याच घराचे रक्षण केले आहे, आणि कुटुंबाच्या वाट्याला मोठे स्थान देऊन त्याच्या कर्तव्याची आठवण ठेवली आहे. आदेश मिळाल्यावर लगतच्या देयकात योग्य आकडा लिहिला गेला, की त्या महिन्याचा शिधा आणि मुलांच्या शाळेचा खर्च वेळेवर भागतो. कायद्याने लावलेला हा क्रम प्रत्यक्षात उतरविण्याचे काम दर महिन्याला वेतन देयकावर होत असते, आणि ते चोख करणे हा सार्वजनिक सेवेचाच एक भाग आहे.